एक माप मोठा हार्नेस

माझा उजवा हात दुकानात लाज वाटल्यामुळे गेला. पूर्ण गेला नाही. बराचसा परत आलाय, आणि हे लिहिताना त्याची तीन बोटं कामाला येतायत. पण सांगायचं तर सुरुवात दुकानापासूनच करायला हवी. लोक विचारतात, "मचाणावरून पडलीस म्हणे?" मी पडले नाही. पडले असते तर पाय मोडला असता, प्लास्टर लागलं असतं आणि दोन-तीन महिन्यांत विषय संपला असता. मी लोंबकळले. चार दुकानं पालथी घालून, रात्रंदिवस माहिती वाचून, स्वतःच्या पसंतीने घेतलेल्या हार्नेसमध्ये लोंबकळले.

मी मेधा. आइंडहोव्हनला राहते. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग येतात, त्यांची मापं तपासायचं माझं काम. एखादा भाग केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाने मोठा असला तरी मी तो परत पाठवते आणि पाठवताना समोरच्याला दोन शब्द सुनावते. अशा बाईने स्वतःचा जीव टांगायचा पट्टा एक माप मोठा घेतला. हे वाक्य कागदावर आणायला मला दहा महिने लागले.

ज्यांना शिकारीसाठी, प्राणी मोजायला किंवा पक्ष्यांचे फोटो काढायला झाडावर बांधून घेऊन बसायचंय, त्यांनी हे वाचावं. आणि ज्यांचा हात किंवा पाय असाच एका सकाळी मुका झालाय, त्यांनीही. धीर मिळेल असं वचन मी देत नाही. मला ज्यांनी ज्यांनी धीर दिला, त्यांचा मला रागच आला होता.

खूळ

शिकार हे माझं खूळ चाळिशीनंतरचं. आमच्या शेजारच्या गावात पीट म्हणून एक निवृत्त गवळी आहे, सत्तरीला टेकलेला. त्याच्याकडे आसपासच्या रानातल्या शिकारीची जबाबदारी आहे. आधी मी त्याच्यासोबत नुसती हरणं मोजायला जायची. इथली हरणं छोटी, शेळीएवढी. ती वाढली की रस्त्यावर गाड्यांखाली येतात, म्हणून किती मारायची ते दरवर्षी ठरवून दिलेलं असतं. मोजता मोजता मी शिकारीच्या वर्गाला नाव घातलं, परीक्षेत एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले, पोलिसांकडून परवाना मिळाला.

घरात याचं कौतुक कुणालाच नव्हतं. माझा नवरा मिलिंद पुण्याचा, अंडंही न खाणारा. तो म्हणाला, "लोक इथे येऊन ट्यूलिप बघतात. तुला बंदूक सुचली." पण अडवलं नाही त्याने. एकच अट घातली. पीट आणि त्याचे मित्र शिडीच्या मचाणावर काही न बांधता बसतात, तसं मी बसायचं नाही.

पीटला याचं हसू आलं. "चाळीस वर्षं बसतोय. भीती वाटली की माणूस घट्ट धरतो, पडत नाही," तो म्हणाला. मी त्याला ऐकवलं की माझ्या कामाच्या ठिकाणी असं बोलणाऱ्याला आत सोडत नाहीत.

दुकान

दोराबाबत मी काही कसर ठेवली नाही. झाडाच्या बुंध्याभोवती बांधायचा दोर, त्यावरची सरकगाठ, गाठीपासून आपल्या मानेमागच्या कडीपर्यंत येणारा पट्टा, या सगळ्याची मी शिवण न् शिवण बघितली. दोर डोक्याच्या वर बांधायचा, म्हणजे बसल्यावर पट्टा जवळजवळ ताणलेला राहतो आणि पाय सुटला तर आपण फार खाली जात नाही. जमिनीवर पाय असतानाच बांधून घ्यायचं आणि परत जमिनीला पाय लागेपर्यंत सोडायचं नाही. हे सगळं मला पाठ होतं. आजही या बाबतीत मी कुणालाही शिकवू शकते.

मग आला हार्नेस, अंगात घालायचं जाकीट. म्हणजे खरं तर जाकीट नव्हे, पट्ट्यांचा सांगाडा. दोन खांद्यांवरून, एक छातीवर, दोन मांड्यांभोवती. दुकानात छताच्या तुळईला एक मोठी कडी होती. दुकानदार म्हणाला, "बूट आणि थंडीचा कोट घालून पट्टे बांधा आणि इथे पाच मिनिटं लटकून बघा. मांडीच्या पट्ट्याखाली पसरलेला हात गेला पाहिजे, मूठ जाता कामा नये. तेच माप."

दुकानात तीन पुरुष कॉफी पीत उभे होते. त्यांच्यासमोर मांड्यांमध्ये पट्टे आवळून, पाय हवेत सोडून, पाच मिनिटं लोंबकळायचं. मला ते जमेना. सत्तेचाळिसाव्या वर्षी, या देशात अठरा वर्षं काढून, परीक्षा देऊन बंदूक घेतलेली बाई मी, आणि मला चार लोकांत लटकायची लाज वाटली. "नको, घरी जाऊन बघते," मी म्हटलं.

तक्त्यानुसार मला मीडियम बसत होता. मी लार्ज घेतला. एक तर थंडीत आत दोन स्वेटर येणार. दुसरं, माझी मुलगी सई युट्रेख्टला शिकते, ती सुट्टीला आली की माझ्यासोबत हरणं बघायला येते. ती माझ्याहून उंच, तर एकातच दोघींचं होईल. आणि तिसरं कारण, खरं कारण, हे माझ्या हाडात आहे. गुहागरला आमची आई दुकानदाराला सांगायची, "अंगासरशी देऊ नका हो, वाढत्या अंगाचं द्या." पाचवीत घेतलेला शाळेचा स्कर्ट मी टीप उसवत उसवत सातवीपर्यंत घातला. बुटाच्या पुढच्या टोकात कापूस कोंबून चालले. नीट मापाचं काही विकत घेतलं की मला अजून उधळपट्टी केल्यासारखं वाटतं.

दुकानदाराने एकदा भुवया उंचावल्या आणि बिल केलं. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने सांगायचं ते सांगितलं होतं.

पंचवीस मिनिटं

जानेवारीतली सकाळ, सव्वानऊ. हरीण दिसलं नव्हतं. बंदूक रिकामी करून मी दोरीने खाली सोडली, नियमाप्रमाणे. मग उतरायला उठले. शिडीच्या वरच्या पायरीवर दव गोठून काच झाली होती. डावा पाय सटकला, उजव्याने शिडीला धक्का बसला आणि शिडी बाजूला कलंडली.

दोराने मला धरलं. दोर उत्तम होता. पण मी आत घसरले. मांड्यांचे पट्टे सैल होते, त्यामुळे सगळा सांगाडा वर सरकला आणि मी त्यातून खाली. पडताना काहीतरी पकडायला मी उजवा हात वर फेकला होता, तो तसाच वर राहिला आणि खांद्याचा पट्टा काखेत जाऊन बसला. माझं सगळं वजन त्या काखेवर.

पहिली पाच मिनिटं कळ होती. नंतर मुंग्या. मग हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा दिसायला लागला, निळसर, वर टांगलेला. फोन उजव्या खिशात होता, डावा हात तिथे पोचेना. अशा वेळी पाय टेकवून अंगाचं वजन उचलायला एक छोटी पट्टी हार्नेससोबत येते. माझीही आली होती. ती घरी होती, मूळ पिशवीत, माहितीपत्रकासकट, आम्ही सगळ्या वस्तूंच्या पिशव्या जपून ठेवतो त्या कपाटात.

पीट पलीकडच्या मचाणावर होता. साडेनऊला गाडीपाशी भेटायचं ठरलं होतं. मी आले नाही म्हणून तो बघायला आला. शिडी उचलून माझ्या पायांखाली लावली, खालून खांदा देऊन मला वर ढकललं आणि म्हणाला, "आता उभी राहा. घाई नको." मग ॲम्ब्युलन्सला फोन केला. आपण बांधून बसत नाही हे तो त्या दिवशी एकदाही बोलला नाही.

दवाखान्यातले दोन दिवस

इतका वेळ लटकल्यावर रक्त आणि मूत्रपिंडं बघावी लागतात, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. दर काही तासांनी रक्त घ्यायचं, लघवीचा रंग बघायचा. मूत्रपिंडं ठणठणीत निघाली. सगळे खूश. मी विचारत होते, हात? "दबलाय, जागा होईल," प्रत्येक जण म्हणायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचा.

कोपरापर्यंत हात माझा होता. मनगट कसंबसं हलत होतं. बोटं मेलेली. मी त्यांच्याकडे बघून मनात "मिटा" म्हणायची आणि काहीच व्हायचं नाही. रोज शेकडो वेळा बिनबोभाट होणारी गोष्ट, आणि आता हुकूम देऊनही नाही. असली चीड मी आयुष्यात अनुभवली नव्हती. कुणावर काढायची तेही कळत नव्हतं.

तिथलं जेवण म्हणजे पाव आणि चीज. चीज पातळ कागदात गुंडाळलेलं, लोणी छोट्या डबीत सीलबंद. पहिल्या सकाळी मी दातांनी ती डबी फोडत होते. जेवण वाढणाऱ्या मावशी, सुरिनामच्या असाव्यात, काही न बोलता परत आल्या. डबी उघडली, पावाला लोणी लावलं, चौकोनी तुकडे केले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी ताट ठेवतानाच तुकडे केलेले होते. त्या दोन दिवसांत माझ्यासाठी कुणी "काळजी करू नका" न म्हणता केलेली ती एकच गोष्ट.

बघू या

घरी आल्यावर मामला हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेला. इथे कुठल्याही तज्ज्ञाकडे जायचं तर आधी यांचा उंबरठा ओलांडावा लागतो. ते शांत गृहस्थ. त्यांनी हात उचलला, सोडला, तो मांडीवर आपटला. म्हणाले, "पॅरासिटामॉल घ्या. दोन आठवडे बघू या."

दोन आठवडे बघितलं. परत गेले. "थोडा बदल वाटतोय," ते म्हणाले. मला वाटत नव्हता. "अजून दोन आठवडे बघू."

तेव्हा मी ओरडले. डच भाषेत माझं व्याकरण रागात पार कोसळतं, तरी ओरडले. म्हटलं, माझ्याकडे असा भाग आला असता तर मी चार आठवडे नुसता बघत बसले नसते. त्यांनी चष्मा काढला आणि नसा तपासणाऱ्या विभागाला चिठ्ठी दिली. तिथली तारीख मिळायला आणखी तीन आठवडे गेले. इथल्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे की पहिल्याच भेटीत ठामपणे मागा. आपण डॉक्टरांसमोर उगाच शहाण्या मुलासारखे बसतो.

निदान

तपासणीत हातात बारीक सुया टोचतात आणि पडद्यावर रेषा बघतात. खांद्याला रेषा नाचल्या. दंडाला नाचल्या. तळहाताशी आल्यावर रेषा जवळपास सपाट. मला त्यातलं काही कळत नाही, पण सपाट रेषा म्हणजे काय हे कुणालाही कळतं. मिलिंद शेजारी बसला होता. त्याने माझी पर्स घट्ट धरली होती, जणू कुणी पळवणार होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं की काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या आणि चेंगरल्या गेल्यात, तुटलेल्या नाहीत. नस पुन्हा वाढते, पण नखासारखी हळूहळू. बोटं सगळ्यात लांब, म्हणून बोटं सगळ्यात शेवटी. वर्ष लागेल, दीडही लागेल.

"पण येईल ना?" मिलिंदने विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

पुढे त्यांनी काही जोडलं नाही. आपल्याकडचा डॉक्टर "देवावर भरवसा ठेवा" तरी म्हणाला असता. पार्किंगपर्यंत येताना मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. आता वाटतं, सात आठवड्यांत माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलं माणूस होतं.

घर

आजारी माणूस गोड होतो असं कोण म्हणतं, माहीत नाही. मी कडू झाले. मिलिंद पोळ्या करायला शिकला. त्या पोळ्यांना आकार नव्हता, पण तो रोज करत होता, आणि मी रोज त्यात खोट काढत होते. तो माझे केस विंचरायचा, ब्राचा हुक लावायचा, डबा भरून द्यायचा. "मी म्हटलं होतं" हे शब्द त्याने तोंडातून काढले नाहीत. ते न काढण्याचाही मला राग यायचा.

एका रविवारी माझ्या हातून चहाचा कप फुटला. तो फरशी पुसायला वाकला तेव्हा मी म्हटलं, "बोल ना एकदाचं. शिकारीचं खूळ नडलं म्हणून बोल."

तो वाकलेलाच राहिला. म्हणाला, "मेधा, बांधून बस ही अट माझीच होती. न बांधता बसली असतीस तर शिडीवरून घसरून गवतात पडली असतीस. मी रोज हाच विचार करतो." मग फरशी पुसली. मला इतके दिवस वाटत होतं की दोषाची मालकी एकट्या माझ्याकडे आहे.

गुहागरला आईला आम्ही, मी सायकलवरून पडले, असं सांगितलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती, उगाच कशाला. फोनवर मी हात उशीखाली ठेवून बोलायची. पण सईने एकदा बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला. "आपला सुपाऱ्या काढणारा शंकर या झाडावरून त्या झाडावर जायचा, आठवतो?" ती म्हणाली. "पायातला फास किती आवळलेला असायचा त्याचा. आणि तू शिकलेली."

"मला मोठं घ्यायची सवय कुणी लावली?" मी म्हटलं. बोलायला नको होतं. आई म्हणाली, "कापडाचं निराळं गं, मेधू."

आणि सई. मार्चमध्ये ती घरी आली होती. मला कपाटाच्या खोलीतून खुडबुड ऐकू आली. जाऊन बघते तर तिने तो हार्नेस चढवला होता, सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढले होते आणि मांडीच्या पट्ट्याखाली स्वतःची मूठ घातली होती. मूठ आत गेली आणि वर जागा उरली. तिने दुसरीही मूठ शेजारी घातली.

आमची सई मराठी समजते सगळं, उत्तर मात्र इंग्रजी मिसळून देते. ती म्हणाली, "आई, आय वोअर धिस. द वीक बिफोर. दोन तास बसले होते मी वर."

मला ठाऊक होतं. सात आठवडे मी ते मनात येऊ दिलं नव्हतं, एवढंच. माझ्या जागी ती असती, ही गोष्ट मी हाताच्या रागाखाली दाबून ठेवली होती.

"यू चेक्ड द रोप लाइक टेन टाइम्स," ती म्हणाली. "पण मला एकदाही विचारलं नाहीस, बसतो का म्हणून."

तिने पट्टे काढले, कात्री आणली आणि हार्नेसचे चार तुकडे केले. असा हार्नेस एकदा पडण्याचा झटका खाल्ला की पुन्हा वापरायचा नसतोच, कुणाला द्यायचाही नसतो. पण तिने तो नियमाला धरून कापला नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

कणीक

व्यायाम घेणारी मार्लूस हसरी, दणकट. तिच्याकडे तांदळाच्या पातेल्यात बटणं लपवलेली असायची, ती न बघता बोटांनी शोधायची. मला तांदूळ लागायचाच नाही, तर बटण काय सापडणार? ती प्लॅस्टिकचा मऊ गोळा दाबायला द्यायची. मी म्हटलं, त्यापेक्षा घरी कणीक मळते. तिला कणीक माहीत नव्हती. पुढच्या वेळी मी डब्यात घालून नेली. तिने स्वतः दाबून बघितली आणि म्हणाली, "हेच कर. रोज."

रोज केलं. डाव्या हाताने उजवा हात कणकेत दाबायचा. एप्रिल गेला, मे गेला. परवाना दरवर्षी नवा करावा लागतो, तो मी केला नाही. बंदूक दुकानात जमा केली. चाप ओढणारं बोटच नाही तर बंदूक कशाला? त्या दिवशी घरी येऊन मी कणकेचा गोळा भिंतीवर फेकला, डाव्या हाताने. तो चिकटून बसला आणि मिलिंदने काढेपर्यंत तिथेच होता.

जूनमध्ये अंगठा हलला. अगदी किंचित. मला वाटलं भास. मिलिंदला हाक मारली. त्याने चष्मा लावला, वाकला आणि म्हणाला, "पुन्हा कर." पुन्हा हलला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून एका अंगठ्याकडे बघत होतो, आणि तव्यावर पोळी जळत होती.

मग तर्जनी. मग मधलं बोट. सप्टेंबरपर्यंत तिघांना वस्तू धरता यायला लागली. अनामिका आणि करंगळी अर्ध्यावर येऊन थांबतात. मार्लूस म्हणते अजून वेळ आहे. मी आता विचारत नाही. मूठ कर म्हणून सांगितलं की माझ्या हाताची जी होते तिला मूठ म्हणायला मोठं मन लागतं.

पुन्हा दुकान

पीट मधल्या काळात दोनदा येऊन गेला. पहिल्या वेळी अंडी घेऊन. दुसऱ्या वेळी पायावर पाय टाकून बसला आणि म्हणाला, "वसंतात मोजणी आहे. बंदूक नको, दुर्बीण आण." मग दाराशी जाऊन म्हणाला, "मीही पट्टा घेतलाय. बायकोने लटकून बघायला लावलं."

म्हणून ऑक्टोबरमध्ये मी आणि सई त्याच दुकानात गेलो. तोच दुकानदार, तीच तुळई, तीच कडी. कॉफी पिणारे या वेळी चार होते. त्याने मला ओळखलं, कारण माझ्यासारख्या शिकारी बायका त्याच्याकडे रोज येत नाहीत. मी त्याला काय झालं ते थोडक्यात सांगितलं. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला आणि माप घ्यायची पट्टी काढली.

आधी सई लटकली. स्मॉल. ती उंच असली तरी मांड्या बारीक, हे मला आई असून माहीत नव्हतं. तिच्या पट्ट्याखाली मी हात घातला. सवयीने उजवाच गेला. पसरलेला तळवा आत गेला आणि बोटांच्या टोकांना तिच्या पँटचं खरबरीत कापड लागलं. मूठ केली, जमेल तशी. ती अडली. पण माझ्या त्या मुठीवर मी माझ्या मुलीचा जीव टांगणार नाही. डाव्या हाताची पक्की मूठ केली आणि पुन्हा बघितलं. तीही अडली.

"बसतो का?" मी विचारलं.

"बसतो," सई म्हणाली. मराठीत.

मग मी. बूट, थंडीचा कोट, मीडियम. पाय जमिनीवरून उचलले. कुणी हसलं नाही. एकाने फक्त खुर्ची मागे सरकवून जागा केली. काखेत पट्टा लागतो का, याकडे माझं सगळं लक्ष होतं. काख मोकळी होती. पायांना टेकायची ती छोटी पट्टी या वेळी सईने पिशवीतून आधी काढून माझ्या कमरेला अडकवली होती. पाच मिनिटं किती लांब असतात ते मला माहीत होतं, पण ही पाच मिनिटं मी मोजली नाहीत.

तेवढ्यात सईच्या फोनवर आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. आईला तिची मुलगी दुकानाच्या छताला टांगलेली दिसली.

"हे काय गं?"

"नवा पट्टा. माप बघतेय."

आई फोन जवळ घेऊन बघत राहिली. "फार आवळ वाटतोय," ती म्हणाली. "जरा मोठा घ्यायचास. पुढच्या वर्षीही झाला असता."

सईने ओठ चावून हसू दाबलं. मला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही.

"आई, आता मी जेवढी आहे तेवढीच राहणार," मी म्हटलं. "तेवढीला हा बसतो."

आई म्हणाली, "बरं. मग नीट ओढून घे."

मी उजव्या हाताची तीन बोटं छातीवरच्या पट्ट्याच्या टोकाभोवती गुंडाळली आणि ओढलं. पट्टा बोटभर पुढे आला.